पसंतीक्रम

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५चा ऑगस्ट नुकता लागला होता. पाचपाखाडीत आमच्या इमारतीमागच्या मैदानावर गोविंदा पथकाचा सराव चालला होता आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पर्यायांची, एकशे अठरा ओळींची एक्सेल शीट पसरली होती. सहा कागद सेलोटेपने एकाखाली एक चिकटवलेले, जन्मपत्रिकेसारखे लांबलचक. एका बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी, दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी, आणि मध्ये ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मुलगा. तो माझ्या फ्रीजवर चिकटवलेली गॅसची पावती वाचत होता.

"ताई, एकदा नजर टाका," शेजारी म्हणाले. "पहिल्या फेरीत एक्केचाळीसावा पर्याय लागला. सीट स्वीकारून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं काही लागतं का बघायला, ठेवली आहे. आता दुसऱ्या फेरीला चूक नको."

ते बँकेत आहेत आणि त्यांचं काम व्यवस्थित असतं. प्रत्येक ओळीला रंग दिला होता. हिरवा म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे जमलं तर, लाल म्हणजे देवाची कृपा. एक्केचाळीसावी ओळ पिवळी होती. कर्जतच्या बाजूचं कॉलेज, शाखा एआय-डीएस.

"एआय-डीएस म्हणजे काय रे?" मी मुलाला विचारलं.

"आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स," त्याच्या आईने सांगितलं.

गेली वीसेक वर्षं पावसाळा आला की हे टेबल असं भरतं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, नोकरीची बहुतेक वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत काढलेली. त्यामुळे इमारतीत, माहेरी, सासरी कुणाचंही मूल बारावी झालं की "एकदा काकूंना विचारून घ्या" असं ठरतं. पूर्वी मी बेधडक सल्ले द्यायचे. आता देत नाही. का देत नाही ते पुढे येईलच.

शीट बघताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. सगळी यादी मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली होती. जिथे जास्त पर्सेंटाईल लागले ते वर, कमी लागले ते खाली. मधे मधे कॉम्प्युटरच्या दोन ओळींमध्ये एखादी केमिकल घुसली होती, तर कुठे एकाच कॉलेजातली मेकॅनिकल सत्तरीत आणि आयटी तिसाव्या ओळीत. शेजाऱ्यांना हा क्रम इतका स्वाभाविक वाटत होता की त्याला कुणी काही विचारेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

"हा क्रम कोणी लावला?" मी विचारलं.

"सॉर्ट मारला," ते म्हणाले.

कटऑफ म्हणजे काय, याचा विचार केला तर गंमत वाटते. मागच्या वर्षी त्या जागेवर शेवटच्या मुलाला किती पर्सेंटाईल होते, एवढंच ते सांगतं. म्हणजे मागच्या वर्षीच्या हजारो अनोळखी मुलांनी काय मागितलं त्याची ती बेरीज. त्या मुलांनीही त्यांच्या आदल्या वर्षीच्या मुलांची बेरीज बघून मागितलेलं असणार. माझ्या टेबलावरच्या एकशे अठरा ओळींमध्ये महाराष्ट्रभरच्या पोरांची पसंती होती. नव्हती ती फक्त समोर बसलेल्या एकाची.

आणि यात व्यवहाराचीही चूक आहे, जी मी मात्र ठासून सांगते, कारण ती मताची नाही. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, संगणक जे करतो ते फार साधं आहे. मेरिट यादीतल्या एकेकाची पाळी आली की तो त्याचा पर्याय अर्ज वरून वाचायला लागतो. जी जागा शिल्लक आहे आणि त्या मुलाच्या प्रवर्गाला लागू आहे, ती देतो आणि तिथेच थांबतो. वरच्या दहा ओळींमध्ये न मिळणाऱ्या जागा लिहिल्या म्हणून तो रागावत नाही, दंड करत नाही; त्या ओलांडून अकराव्या ओळीवर येतो. पण "ही तर नक्की मिळेल" म्हणून चौथ्या ओळीत एखादी हाताशी असलेली जागा लिहिली आणि मनातली जागा सातव्या ओळीत ठेवली, तर संगणक चौथ्या ओळीवर थांबतो. सातवी ओळ वाचली जातच नाही. तेव्हा कटऑफच्या पुस्तिकेचा उपयोग यादी कुठवर न्यायची, खाली भरवशाच्या जागा किती ठेवायच्या, हे बघायला करावा. वरून खाली क्रम लावताना ती पुस्तिका मिटून ठेवावी.

२०२५ला त्यात आणखी एक पाचर होती. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एक आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला तरी तेच. आपोआप फ्रीझ. नको म्हटलं की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हे नियम दर वर्षी थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायची. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संदेश ही माहितीपुस्तिका नव्हे. पण वरच्या ओळींत जे लिहाल ते गळ्यात पडू शकतं, ही गोष्ट तशी जुनीच.

शेजाऱ्यांच्या पहिल्या तीन ओळी लाल होत्या. चौथीपासून पिवळ्या.

मी चहा ठेवायला उठले, कारण मला माझा स्वतःचा प्रवेश आठवला.

मी बारावी झाले १९९३ साली. तेव्हा सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, नव्हती. भौतिक, रसायन आणि गणिताच्या बोर्डाच्या मार्कांवर सगळं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि 'फ्री सीट' व 'पेमेंट सीट' हे शब्द घराघरांत शिरले. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३ला राज्य सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली नसती तर माझ्यासारख्या मार्कांची मुलगी इंजिनिअर झालीच नसती. तोवर मोजकीच नावं होती. पुण्याचं १८५४चं सीओईपी, मुंबईचं १८८७चं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद. तिथे मिळालं तर मिळालं, नाहीतर बीएस्सी.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये लेथवर टर्नर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एमआयडीसीची सुरुवात १९६२ला या वागळे इस्टेटपासूनच झाली, आणि अण्णा त्यानंतर आठेक वर्षांनी रत्नागिरीहून येऊन तिथे चिकटले. इंजिनिअर म्हणजे काय हे त्यांना दुकानातून, म्हणजे शॉप फ्लोअरवरून दिसलेलं. इंजिनिअर म्हणजे ज्याच्या हाताला कूलंटचा वास येत नाही तो. प्रवेशाच्या दिवशी टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, "कुठली शाखा? मेकॅनिकल आहे, इन्स्ट्रुमेंटेशन आहे." प्रश्न मला होता. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "इन्स्ट्रुमेंटेशन." बाहेर आल्यावर मी विचारलं की ते काय असतं. "मला काय माहीत," अण्णा म्हणाले, "पण कंपनीत एसी फक्त कंट्रोल रूमला असतो. आणि कंट्रोल रूममध्ये इन्स्ट्रुमेंटवाले बसतात."

तर मी एसीसाठी इंजिनिअर झाले. पहिली सहा वर्षं एका केमिकल कारखान्यात, पावसाळ्यात, डिस्टिलेशन कॉलमच्या शिडीवर प्रेशर ट्रान्समीटर तपासत काढली. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसायचे. अण्णांना हे मी कधी सांगितलं नाही.

गंमत अशी की मला ते काम आवडलं. आधीपासून आवड होती म्हणून आवडलं असं नाही. करत गेले तसं आवडत गेलं. दुसऱ्या वर्षाला एक गोष्ट शिकवली होती, ती अजून मनात आहे. कारखान्यात तापमान, दाब, पातळी मोजून तारेवरून जो सिग्नल येतो तो ४ ते २० मिलिअँपिअरचा असतो. टाकी रिकामी असेल तर ४, काठोकाठ भरली की २०. वर्गात एकाने विचारलं, "सर, शून्यापासून का नाही?" सर म्हणाले, "शून्य असतं तर टाकी रिकामी आहे की तार तुटली आहे, हे तुला कळलं असतं का?" रिकाम्या टाकीनेही ४ मिलिअँपिअर तरी बोललंच पाहिजे. काहीच आलं नाही तर टाकीकडे नाही, तारेकडे बघायचं.

समोरचा मुलगा अजून गॅसची पावती वाचत होता.

बेधडक सल्ले मी का बंद केले, ते सांगते. २०१३ची गोष्ट. माझ्या बहिणीची मुलगी, ऐरोलीची. गुण चांगले, आणि तिला सिव्हिल हवं होतं. कुणालाच ते आवडलं नव्हतं आणि सगळ्यांनी मिळून मला पुढे केलं. मी तिला बसवून सांगितलं, "अगं, साईटवर मुलींना बाथरूमसुद्धा नसतं." हे खरं होतं. मी स्वतः भोगलेलं होतं. पाणी न पिता शिफ्ट काढायची सवय अजून मला नडते. ती ऐकून घेऊन गप्प बसली आणि आयटीला गेली. आज ऐरोलीच्याच आयटी पार्कात आहे, पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या दुप्पट, घरापासून ऑफिस दहा मिनिटांवर.

२०२४च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. मार्चमध्ये एका रविवारी तिने आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं आणि त्यावरून नेलं. पूल २१.८ किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा समुद्रावर. पूर्ण वाटभर ती बोलत होती. जहाजांना वाट ठेवायची तिथे खांब लांब लांब ठेवावे लागतात, एवढ्या अंतरावर काँक्रीट जड पडतं, म्हणून तिथे ऑर्थोट्रॉपिक पोलादी डेक बसवला, भारतात पहिल्यांदा. "मावशी, हा बघ, आता रस्त्याचा आवाज बदलला का?" मला काही बदललेला ऐकू आला नाही. तिला आला.

ती सिव्हिलला गेली असती तर सुखी झाली असती, असं मी म्हणत नाही. कोण जाणे, कुठल्या तरी उड्डाणपुलाच्या साईटवर धुळीत उभी राहून आयटीवाल्या मैत्रिणींचे पगार ऐकत मला शिव्या घातल्या असत्या. तिने मला कधी बोलही लावला नाही. मला खुपतं ते वेगळंच. बाथरूम नसणं हा साईटचा दोष होता. मी तो तिच्या शाखेच्या रकान्यात लिहिला.

(मुलींच्या आईवडिलांसाठी जाता जाता एक. २०२४-२५पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्वी निम्मी होती. माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी "पोरीवर एवढा खर्च" हे कारण तोंडावर ठेवलं होतं, ते आता गेलं. आणि नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कामं अकरावीतच उरकून घ्या. चांगले पर्सेंटाईल असून केवळ पडताळणीची पावती हातात घेऊन धावणारे आईबाप मी दर जुलैत बघते.)

चहा झाला. शेजाऱ्यांनी विषय बदलून सीईटीवर आणला, कारण त्यांची धाकटी आता दहावीत आहे. तिला कुठे घालावं? इंटिग्रेटेडला का? म्हणजे नाव एका ज्युनियर कॉलेजात, मुलगी दिवसभर क्लासमध्ये, आणि प्रॅक्टिकलची जर्नलं वर्षाखेरीला एका आठवड्यात.

इथे मी जरा लांबण लावली. सीईटीचा पेपर २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. भौतिक आणि रसायनचे ५०-५०, प्रत्येकी एक गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे, आणि ते दीड तासात, प्रश्नाला १०८ सेकंद. भौतिक-रसायनचे शंभर प्रश्न दुसऱ्या दीड तासात, प्रश्नाला ५४ सेकंद. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं, पण चुकलं तर गुण कापला जातो. एक परीक्षा हात किती वेगाने चालतो ते बघते, दुसरी कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे कळतं का ते बघते. स्वभाव वेगळे लागतात. दोन्हींची तयारी एकच, असं क्लासच्या पत्रकावर लिहिलेलं असतं. अभ्यासक्रम बराच सारखा आहे हे खरं, पण त्या ५४ सेकंदांचा सराव वेगळाच करावा लागतो. आणि सीईटीत अकरावीचा भाग सुमारे २० टक्के असतो. अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, असं धरणाऱ्यांचे ते ४० गुण मे महिन्यात कुठून येणार?

बोर्डाचं काय, तर आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातले वरचे २० पर्सेंटाईल लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. राज्यातल्या प्रवेशासाठी खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात. त्यामुळे बोर्डाला हल्ली कुणी विचारत नाही. मला मात्र त्या जर्नलांचं वाईट वाटतं. ज्या मुलाने बारावीत स्क्रू गेज कधी हातात धरला नाही, तो पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना जॉब व्हाइसमध्ये कसा धरायचा हे विचारतो. यात त्याची काय चूक? अण्णा असते तर त्याला शिव्याही दिल्या असत्या आणि शिकवलंही असतं.

शेजाऱ्यांच्या बायकोने मध्येच विचारलं, "पण कॉम्प्युटरच चांगलं ना?"

यावर मी पूर्वी अर्धा तास बोलायचे. आता एवढंच सांगते की २०२४पासून एआयसीटीईने, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने, एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा चांगल्या कॉलेजांसाठी काढून टाकली आहे. परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या वाढल्या. मेकॅनिकल, सिव्हिलच्या बाजूला शांतता. मुलाला कॉम्प्युटर आवडत असेल तर जरूर घ्यावं. पण वर्गाबाहेर कितव्या तुकडीचं नाव लिहिलं आहे आणि त्या तुकडीला शिकवायला कोण आहे, हे विचारून घ्यावं. कॉलेजच्या प्रवेशद्वारावर नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेने दिलेली श्रेणी लिहिलेली असते, ती सगळ्या कॉलेजची. एनबीए या मंडळाची मान्यता मात्र शाखेशाखेची वेगळी असते. ज्या शाखेला जायचं तिला ती आहे का, हे बघणारे पालक मला आजवर दोन भेटले. दोघेही शिक्षक होते.

तसंच पॅकेजचं. ठाणे स्टेशनच्या सॅटिसवरून, म्हणजे बसच्या उन्नत पुलावरून, बसला जाताना दर उन्हाळ्यात फलक दिसतात. एक हसरी मुलगी, एक हसरा मुलगा आणि लाखांत आकडा. तो आकडा एका मुलाचा असतो. बाकीच्या तीनशेंचं काय झालं? कॉलेजं एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीला, जी माहिती देतात ती त्यांच्याच संकेतस्थळावर ठेवावी लागते. तिच्यात किती मुलं उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे असतं. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती, तो मध्यक. आपला मुलगा बहुधा या मधल्याच्या आसपास उभा असणार. फलकावरचा नाही.

आणि प्रवास. ठाण्याच्या पालकांना मी हात जोडून सांगते, की कॉलेज बघायला रविवारी गाडी काढून जाऊ नका. सोमवारी सकाळी मुलाला घेऊन लोकलने जा. वाशी-नेरुळकडची कॉलेजं आपल्याला बरी पडतात ती ट्रान्स-हार्बरमुळे. ही गाडी २००४ला सुरू झाली. माझ्या वेळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बस होती आणि कुठला कारखाना आला हे डोळे मिटून वासावर सांगता यायचं. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तासाभरात पोचता येतं. पण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला आधी ठाणे स्टेशन गाठायचंय, आणि तो खरा प्रवास. बांद्रा-अंधेरीकडचं नामांकित कॉलेज मिळालं म्हणून पेढे वाटलेल्या एका मुलाची पहिल्या वर्षात एम-वन, म्हणजे पहिलं गणित, आणि मेकॅनिक्स अशा दोन विषयांत केटी लागली. रोज दादरला गाडी बदलून साडेचार तास. तो हुशारच होता. झोपायचा कधी, एवढाच प्रश्न होता.

हे सगळं बोलून झालं तेव्हा साडेआठ वाजले होते. खालून शिट्टी झाली, मग एकदम गलका, मग हसणं. सहावा थर कोसळला असावा.

"पाय घसरला वाटतं कुणाचा," शेजारी खिडकीकडे बघत म्हणाले.

"पाय नाही," मुलगा म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायला लागलो. त्याला बोलून गेल्याचा पश्चात्ताप झालेला दिसत होता.

"मग काय?" मी विचारलं.

"खालचा वेढा ढिला पडतो. वजन सरळ खाली येतं काकू, ते पेलतात सगळे. पण थर बाहेर उघडतो. बाहेरून दाबून धरणारे कमी आहेत यांच्याकडे. सगळ्यांना वर चढायचं असतं." आणि मग टेबलावरचे चहाचे कप त्याने जवळ ओढले, त्यांच्यावर बशी ठेवली, बशीवर साखरेचा डबा, आणि एक कप बोटाने बाहेर सरकवून दाखवला. आईने डबा वरच्या वर धरला.

मला लगेच काही तरी वाटलं, आणि लगेच स्वतःला आवरलं. एवढ्यावरून पोराला सिव्हिलला घाला असं म्हणणं म्हणजे एसीवरून इन्स्ट्रुमेंटेशनला घालण्यासारखंच. आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं थरांवर असंच बोलतात. पण तार तुटलेली नव्हती, एवढं कळलं. चार मिलिअँपिअर येत होते.

मी त्याला एक काम दिलं. ती शीट घडी करून बाबांकडे राहू दे म्हटलं. एक कागद घे, कटऑफ न बघता लिही. सगळ्या जागा मोकळ्या आहेत आणि तुझाच पहिला नंबर आहे असं समज. जिथे जावंसं वाटत नाही ती जागा लिहायचीच नाही. मिळाली तर रडशील. वीस ओळी झाल्या तरी चालतील. मग खाली भरवशाच्या जागा बाबा घालतील, ते त्यांना चांगलं जमतं. काही कळलं नाही तर गुगलवर त्या शाखेचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाच. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं, त्यावरून काही समजत नाही.

"आणि डिप्लोमाचा काही उपयोग झाला असता का आता?" निघताना आईने विचारलं. आता नाही, पण धाकटीसाठी लक्षात ठेवा, मी म्हटलं. आमच्या इमारतीचं वायरिंग बघणाऱ्यांचा मुलगा दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निकला गेला आणि डिप्लोमाच्या गुणांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसला. सीईटी दिलीच नाही. गणिताने त्याला एम-थ्रीला घाम फोडला, पण प्रयोगशाळेत बाकीचे त्याच्याभोवती गोळा व्हायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. या वेळी मुलगा पुढे, शेजारी मागे. हातात फुलस्केप वहीचा फाडलेला कागद, निळ्या पेनने, एकोणीस ओळी. पहिल्या ओळीत व्हीजेटीआय, सिव्हिल.

"हे मिळणार नाहीये," शेजारी म्हणाले. रात्रभर त्यावर बोलणं झालं असावं, कारण आवाजात धार नव्हती.

"माहितीये," मुलगा म्हणाला. "काकू म्हणाल्या, दंड नसतो."

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत नवी मुंबईतलं एकच कॉलेज होतं, शाखा दोन. दोन्हींसमोर त्याने कंसात वेळ लिहिली होती, घरापासून दारापर्यंत: एक तास दहा मिनिटं. जाऊन मोजून आला होता. पाचव्या ओळीपासून खाली काही त्याचं, काही बाबांचं. चौथी ओळ कोरी होती.

"इथे?"

"इथे ठरत नाहीये," तो म्हणाला. "पहिल्या तीनपैकी काही लागलं तर प्रश्नच नाही. नाही लागलं तर खरं चौथीपासूनच सुरू होतं."

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मैदानातून ढोल ऐकू यायला लागला. शेजाऱ्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून कागदावर चौथ्या आकड्यापुढे टेकवली आणि मुलाकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले. "काय लिहू?"